कळलावी लावा, पण कुंपणाशी. आणि नाव सांगून लावा



रोवणीची घाई ओसरली, की आपल्या जिल्ह्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, जंगलातलं ते लाल-पिवळं कळलावीचं फूल सांदवाडीत लावलं तं चालते का? म्हातारी म्हणते, घरात भांडण लागते." दुसरा म्हणतो, "भांडणाचं सोडा, ते जहर आहे म्हणतेत." आणि तिसरा मोबाइलवर काहीतरी पाहून आलेला असतो. तो विचारतो, "याच्या बिया लई महाग जातेत म्हणे. एक एकर लावू का?"

तिघांनाही आधी थोडक्यात उत्तर देतो. म्हातारीचे भांडण खरे नाही. दुसऱ्याचे जहर शंभर टक्के खरे आहे. तिसऱ्याने एकराचा विचार आज तरी सोडून द्यावा. आणि वाडीत दोन-चार वेल लावायचे असतील, तर अवश्य लावावेत. मात्र जागा पाहून लावावेत आणि घरातल्या शेंबड्या पोरापासून शेजारच्या आजीपर्यंत सर्वांना हे झाड विषारी आहे असे सांगून लावावेत. माझे म्हणणे एवढेच आहे. ते का, हे आता सविस्तर सांगतो.

ओळख पटवून घ्या

कळलावीला खड्यानाग आणि अग्निशिखा अशीही नावे आहेत. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. कोका, अंबागड, पवनीकडचे जंगल, बोडीच्या पाळीवरची झुडपे, गावरस्त्याचे जुने कुंपण अशा ठिकाणी पावसाळ्यात ही वेल दिसते. मृगाच्या पावसानंतर जमिनीतला कंद फुटतो, वेल झुडपावर चढते, श्रावण-भादव्यात फुलते आणि दिवाळीनंतर वाळून नाहीशी होते. कंद जमिनीत झोपून राहतो. उन्हाळ्यात तिथे काही आहे, हे कोणाला कळतसुद्धा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पानाचे टोक लांबत जाऊन कुरळ्या दोरीसारखे होते आणि त्या दोरीने वेल आधार धरते. फूल खाली झुकलेले असते, पण त्याच्या सहा पाकळ्या उलट्या वर वळलेल्या असतात. कडा लाटांसारख्या. सुरुवातीला हिरवट-पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. चुलीतल्या जाळासारखे दिसते म्हणून अग्निशिखा. फुलाचा मधला दांडा तळाशीच काटकोनात वाकून बाजूला जातो. असे दुसरे फूल आपल्या रानात नाही.

कंद लांबट, गोलसर, बाहेरून तपकिरी आणि आतून पांढरा असतो. बहुधा त्याला दोन फाटे असतात, म्हणून तो नांगराच्या आकाराचा दिसतो. संस्कृतात याला लांगली म्हणतात ते याचसाठी. लांगल म्हणजे नांगर.

आता 'कळलावी' या नावाविषयी. कळ लावणे म्हणजे भांडण लावणे, हा अर्थ धरून काही ठिकाणी हे झाड घराजवळ नको म्हणतात. पण नावातली कळ बाळंतपणाची आहे. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून याच्या कंदाचा लेप लावण्याची जुनी चाल होती, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे नाव देणाऱ्यांना हे झाड पोटावर जोरदार काम करते एवढे ठाऊक होते. आपण त्याचे भांडण करून टाकले आणि खरा इशारा विसरलो.

विष किती, आणि ते कसे काम करते

झाडाच्या प्रत्येक भागात विष आहे, पण कंदात आणि बियांत ते सर्वांत जास्त. विषाचे नाव कोल्चिसीन. हेच कोल्चिसीन गाउट नावाच्या सांधेदुखीवर डॉक्टर औषध म्हणून देतात. त्या गोळीत औषध असते अर्धा मिलिग्रॅम. आता हिशेब करा. बियांत वजनाच्या अर्धा टक्का कोल्चिसीन धरले, तरी एक ग्रॅम बियांत पाच मिलिग्रॅम झाले, म्हणजे दहा गोळ्या. आणि एक ग्रॅम म्हणजे मूठ नव्हे, नुसती चिमूट. लहान पोराच्या वजनाला ही चिमूटही घात करू शकते.

हे विष शरीरातल्या पेशींची वाढ थांबवते. पेशी दुभंगून नव्या पेशी होतात, ते कामच बंद पडते. म्हणून जिथे नव्या पेशी सारख्या तयार होत असतात, तिथे आधी मार बसतो. आधी आतड्याचे अस्तर, मग रक्त तयार करणारा हाडांतला मगज, मग केसांची मुळे. त्यामुळे लक्षणेही त्याच क्रमाने येतात. खाल्ल्यावर पहिले काही तास माणूस ठणठणीत दिसतो. मग तोंडात आणि घशात आग, मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, कधी रक्तही. पुढच्या दिवसांत रक्तदाब खाली येतो, मूत्रपिंड आणि हृदय थकते, रक्तातल्या पेशी घटतात. यातून वाचला, तर आठ-पंधरा दिवसांनी केस पुंजक्या-पुंजक्याने गळतात. शेजारच्या श्रीलंकेतला असा एक रोगी १९६६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नोंदला गेला आहे. कळलावीचा कंद पोटात गेला होता. जीव वाचला, पण केस सगळे गेले. त्या देशात खाण्याचा कंद समजून हा कंद खाल्ल्याच्या घटना घडल्या आहेत.

आपल्याकडे हा धोका नाही असे समजू नका. आपण झाडीपट्टीतली माणसे कंद खाणारी. कोचई, रताळे, मटाळू आपल्या ताटात असतात. काही रानकंद कडू असतात, ते बायाबापड्या उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून, कडूपणा काढून खातात. पिढ्यान् पिढ्यांचे ते ज्ञान आहे आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. पण तोच उपाय कळलावीला लावाल तर फसाल. उकळून किंवा वाळवून कोल्चिसीनचा भरवसा धरता येत नाही. कळलावीचा कंद खाण्यासारखा करण्याची कोणतीही रीत नाही.

याच विषाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेशी दुभंगू न देण्याच्या गुणामुळे कोल्चिसीन वापरून झाडाच्या पेशीतली गुणसूत्रे दुप्पट करता येतात, हे १९३७ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. जपानी शास्त्रज्ञ किहारा यांनी त्याच युक्तीने बिनबियांचे टरबूज तयार केले. वैनगंगेच्या रेतीत टरबूज-डांगराची वाडी करणाऱ्या आपल्या भागाला यात नवल वाटेल. सांगायचे एवढेच, की हे झाड वाईट नाही. ते ताकदवान आहे. ताकदवान बैलाला आपण गोठ्यातून हाकलत नाही, त्याला दावे लावतो.

विष काही नवे नाही, मौन घातक आहे

"मग असलं झाड वाडीत लावायचंच कशाला?" असे कोणी म्हणेल. प्रश्न बरोबर आहे. पण जरा आपल्याच वाडीत नजर फिरवा. देवाला वाहायला कण्हेर आहे, ती विषारी. महादेवाला धोतरा आहे, तो विषारी. मारुतीला रुई आहे, तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल. कुंपणाला बेशरम आहे, ती सतत खाल्ली तर बकऱ्या लुळ्या पडतात. एरंडाच्या बिया तर जीवघेण्याच. आपण या सगळ्यांसोबत शेकडो वर्षे राहतो आहोत, आणि ते यासाठी जमते की लहानपणीच आईने हातावर चापट मारून सांगितलेले असते, "हात नको लावू, धोतरा आहे तो."

आता याच्या उलट उदाहरण पाहा. चंद्रज्योत. ही काही आपल्या मातीतली नाही, अमेरिका खंडातून आलेली. कुंपणाला ती जुनीच होती, पण २००३ च्या सुमारास देशात बायोडिझेलची लाट आली आणि पडीक जमिनीवर, रस्त्याकडेला, धुऱ्यावर चंद्रज्योत लावा असा धडाका सुरू झाला. तेल किती निघेल, हे सर्वांना सांगितले गेले. बी गोड, शेंगदाण्यासारखे लागते आणि खाल्ल्यावर पोरे उलट्या करून आडवी होतात, हे त्याच जोरात कोणी सांगितले नाही. तेलाचे स्वप्न बहुतेक ठिकाणी विरले. झाडे मात्र राहिली. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून वर्षानुवर्षे येत आल्या आहेत.

यातून आम्ही विस्ताराचे काम करणाऱ्यांनी एक धडा घेतला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या घडीपत्रिकेत वाण असतो, अंतर असते, खतमात्रा असते, उत्पन्न असते. विषाची ओळ असलीच तर शेवटी, बारीक अक्षरात. ती पहिली ओळ असायला हवी. धोतरा जुना आहे, म्हणून आईने सांगितले. चंद्रज्योत कुंपणापलीकडे पसरली तेव्हा सांगणारे कोणी नव्हते. कळलावीची अवस्था या दोघांच्या मधली आहे. झाड आपले, अस्सल इथल्या रानातले. पण रान लांब गेले तशी त्याची ओळखही लांब गेली. आजच्या पोरांना रानात फिरायला मिळत नाही, म्हणून त्यांना कळलावी ठाऊक नाही. ती वाडीच्या कुंपणाशी, नाव-गाव सांगून उभी असेल, तर ओळख परत येईल. माझ्या मते अनोळखी विषापेक्षा ओळखीचे विष कितीतरी बरे.

कोठे आणि कसे लावावे

आता कामाचे. कळलावी ही सावलीतल्या बागेची वेल आहे, पण पूर्ण अंधाराची नव्हे. रानात ती झुडपाच्या बुडाशी उगवते आणि वर उजेडाकडे जाते. पाय सावलीत, डोके उन्हात, असा तिचा स्वभाव. चिंचेच्या किंवा वडाच्या गर्द सावलीत लावाल तर नुसती पाने येतील, फूल येणार नाही. आंब्याच्या किंवा सीताफळाच्या घेराबाहेर, पूर्वेच्या बाजूला, जिथे सकाळचे ऊन येते आणि दुपारी सावली पडते, ती जागा उत्तम.

जमिनीचे पाहा. आपल्याकडे कन्हार आणि मोरांड जमिनी पाणी धरतात, धानाला त्या चांगल्या. कळलावीचा कंद मात्र साचलेल्या पाण्यात सडतो. वाडीची माती भारी असेल तर हातभर रुंद आणि वीतभर उंच वरंबा करून त्यात रेती आणि कुजलेले शेणखत मिसळा. खरडी किंवा सिहार जमीन असेल तर तेवढा खटाटोप नको. बांधीच्या कडेला, जिथे पाणी तुंबते, तिथे लावू नका.

कंद मे अखेरीस किंवा पहिल्या पावसाआधी लावावा. जमिनीत तीन-चार बोटे खोल, आडवा ठेवावा. कंदाच्या टोकाशी कोंब असतो आणि तो फार नाजूक असतो. कोंब मोडला, की तो फाटा बहुधा वाया गेला. म्हणून कंद टोपलीत आदळआपट करून आणू नका. गवतात गुंडाळून आणा. लहान कंदाला पहिल्या वर्षी फूल येईलच असे नाही. बी पेरूनही रोप होते, पण उगवण सावकाश आणि फूल यायला तीन-चार वर्षे. घाई असणाऱ्याचे ते काम नव्हे.

आधाराला तुऱ्हाट्या किंवा बांबूच्या कामट्या लावा, नाहीतर कुंपणाच्या झुडपावरच चढू द्या. पाऊस सुरू असताना पाणी देण्याची गरज नाही. मोठी उघडीप पडली तर द्या. दिवाळीनंतर वेल पिवळी पडली की पाणी पूर्ण बंद करा. झोपलेल्या कंदाला पाणी दिले तर तो कुजतो.

काळ्या अंगावर पांढरे, तांबडे ठिपके असलेली अळी पाने फस्त करताना दिसेल. माणसाला मारणारे झाड ती आनंदाने खाते! चार-दोन वेलांसाठी फवारा घेऊन धावू नका. हातमोजा घालून किंवा काडीने अळ्या वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका.

आणि आता ज्या नियमांत सूट नाही, ते ऐका.

पहिला नियम. कळलावीच्या आसपास खाण्याचा कोणताही कंद लावायचा नाही. कोचई, रताळे, हळद, आले, सुरण, काहीही नाही. उन्हाळ्यात वेल दिसत नाही. कुदळीने हळद खणताना त्यात कळलावीचा कंद आला, तर खणणाऱ्याला पत्ता लागणार नाही. निदान दहा-पंधरा हातांचे अंतर ठेवा आणि कंदाच्या जागी एक मोठा दगड रोवून त्यावर गेरूने फुली मारा.

दुसरा. शेंगा हिरव्या असतानाच तोडा. शेंग पिकून फुटली, की आतून तांबड्या-केशरी गोल बिया दिसतात. मुलाला त्या गोळ्या-बिस्किटांसारख्या वाटतात. तोडलेल्या शेंगा उकिरड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. बी ठेवायचेच असेल तर झाकणाच्या डब्यात, वर 'विष' असे लिहून, कुलुपात. स्वयंपाकघरात तर नाहीच नाही.

तिसरा. हात लावताना हातमोजे, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. काम झाले की साबणाने हात धुवा. ज्या विळ्याने वेल कापली, त्याने धुतल्याशिवाय भाजी चिरू नका.

चौथा. जनावरे सहसा या वेलीला तोंड लावत नाहीत. पण कुंपणाशी गवत कापताना ही वेल भाऱ्यात गेली तर जनावराला निवड करता येत नाही. कळलावी जिथे आहे, तिथले गवत वैरणीला नेऊ नका.

पाचवा, आणि सर्वांत महत्त्वाचा. शाळा आणि अंगणवाडीच्या आवारात कळलावी लावायची नाही. अलीकडे शाळांमधून परसबागा झाल्या आहेत, चांगली गोष्ट आहे. पण तिथे आपण मुलांना शिकवतो, की बागेत पिकते ते तोडा आणि खा. त्याच बागेत विष ठेवणे म्हणजे मुलांना एका तोंडाने दोन गोष्टी सांगणे. घरात रांगते मूल असेल, तर तुमच्या वाडीतही पाच-सहा वर्षे थांबा. कळलावी कुठे पळून जात नाही.

कंद आणायचा कोठून?

जंगलातून खणून आणू नका. मी हे दोन कारणांनी सांगतो. एक कारण कायद्याचे. कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प हे संरक्षित क्षेत्र आहे. तिथून कंद खणून आणणे हा गुन्हा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या ग्रामसभांना गौण वनोपजाचा हक्क मिळाला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. पण हक्क मिळाला म्हणजे खरवडून काढायचा परवाना मिळाला असे नव्हे.

दुसरे कारण झाडाचे. कळलावीचा जुना कंद दरवर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवा, बहुधा दोन फाट्यांचा, तयार होतो. म्हणजे वर्षाला एकाचे फार तर दोन. आंब्याच्या झाडाखाली पडलेला आंबा उचलण्यासारखे हे नाही. कंद खणला की झाड गेले. एका माणसाने सब्बल घेऊन दिवसभर फिरायचे ठरवले, तर बोडीच्या पाळीवरची दहा वर्षांची कळलावी तो एका दिवसात संपवील. कोणाच्या वाडीत असेल, तर त्याच्याकडून एक फाटा मागून घ्या. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन औषधी वनस्पती उद्यानात विचारणा करा. थोडी वाट पाहावी लागेल. पाहा.

एकराचे काय?

बियांना पैसा मिळतो, हे खोटे नाही. तमिळनाडूत याची शेती होते. तिथले हे राज्यफूल आहे, आणि दिंडीगल, करूर, तिरुप्पूर या भागांत शेतकरी याच्या बिया औषध कंपन्यांसाठी पिकवतात. केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले, त्याच्या प्राधान्याच्या यादीतही 'कलिहारी' म्हणून ही आहे. पण त्या शेतीची दुसरी बाजू ऐका. बेणे महाग, मांडव महाग. फुलाचा दांडा बाजूला वाकलेला असतो म्हणून परागीकरण आपोआप नीट होत नाही, सकाळी-सकाळी मजूर लावून फुलागणिक हाताने करावे लागते. खरेदीदार मोजके. भाव एका वर्षी चढा, तर दुसऱ्या वर्षी पाडलेला. दशकानुदशकांचा अनुभव असलेले तिथले शेतकरीसुद्धा दलालाच्या नावाने बोटे मोडतात.

आपल्याकडे सफेद मुसळीचे काय झाले, ते जुन्या लोकांना विचारा. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला विदर्भात मुसळीच्या बेण्याचे भाव आकाशाला भिडले होते. बेणे विकणारे कमावून गेले, पीक घेणारे गिऱ्हाईक शोधत बसले. हे सूत्र ध्यानात ठेवा. जो माणूस बेणे विकायला येतो पण पिकाच्या खरेदीचे कागदावर लिहून देत नाही, त्याचे पीक तुम्ही आहात. कळलावीचे बेणे घेऊन असा कोणी दारात आला, तर त्याला पाणी द्या, बसायला द्या आणि रिकाम्या हाताने परत पाठवा. फारच हौस असेल तर गुंठाभर लावून तीन वर्षे पाहा. धानाची बांधी मोडून तर मुळीच नको.

घरगुती औषध नको

एक गोष्ट हात जोडून सांगतो. बाळंतपणासाठी, दिवस गेलेले पाडण्यासाठी, साप-विंचवासाठी कळलावीचा कंद उगाळून देणे, लावणे ताबडतोब बंद करा. आयुर्वेदात लांगलीचे स्थान आहे, पण ते उपविषांत. शोधन केल्याशिवाय वैद्यही ती वापरत नाही. १९४५ च्या औषध नियमांत विषारी द्रव्यांची 'ई-१' अनुसूची आहे, तिच्यात लांगलीचे नाव आहे. हे घरच्या सहाणेवर करण्याचे काम नाही. पहिलटकरणीसाठी आरोग्य केंद्र आहे, सापासाठी सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे. नागाचे नाव असलेले झाड नागाचे विष उतरवत नाही.

पोटात गेलेच तर

वाट पाहू नका. मी वर म्हटले, पहिले काही तास माणूस बरा दिसतो. तोच वेळ सोन्याचा असतो. "काही झालं नाही ना, मग उद्या पाहू" म्हणणाऱ्याचे उद्या फार उशिरा उजाडते. मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. लाखांदूरच्या टोकाचे गाव असो की तुमसरच्या डोंगराकडचे, जवळच्या केंद्रात आधी दाखवा आणि तिथून भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नेण्याची तयारी ठेवा.

आणि सोबत झाडाचा तुकडा न्या. पान, फूल, कंद, जे हाती लागेल ते पिशवीत घालून. याचे कारण नीट समजून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे हगवण-उलटीची साथ असतेच. डॉक्टरपुढे उलट्या-जुलाबाचा रोगी आला, तर त्यांना गॅस्ट्रोच वाटणार, यात त्यांचा दोष नाही. "याने कळलावी खाल्ली" हे तीन शब्द सांगणारा माणूस सोबत असेल तर उपचाराची दिशा बदलते. कोल्चिसीनवर हमखास उतारा हाताशी नसतो. रोगी वेळेवर पोचला तर पोटातले विष आटोक्यात आणता येते आणि पुढचे दिवस सांभाळता येतात. म्हणून झाडाचे नाव ठाऊक असणे हाच अर्धा उपचार आहे.

ग्रामसभेला एक सूचना

शेवटी एक काम सुचवतो. त्याला पैसा लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, तसा कायदाच आहे. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात असते. या पावसाळ्यात ती बाहेर काढा. गावातल्या जाणत्या बाया, गुराखी आणि वैदू यांना बसवा आणि गावशिवारातल्या विषारी झाडांचे एक वेगळे पान लिहा. कळलावी, धोतरा, कण्हेर, एरंड, चंद्रज्योत, गुंज. कुठे आहेत, काय विषारी आहे, काय करायचे. ते पान शाळेत एकदा मोठ्याने वाचा आणि आशाताईंना एक प्रत द्या.

कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत हे फूल पूजेला घेतात. तमिळ लोक दोन हजार वर्षांपासून याचे कौतुक काव्यात करतात. आफ्रिकेत झिंबाब्वेने तर याला राष्ट्रफूल केले आहे. आपल्या रानात ते फुकट फुलते आणि आपण त्याला भांडखोर म्हणून बाजूला सारतो. यंदा एका कुंपणाशी, आंब्याच्या सावलीच्या कडेला त्याला जागा द्या. भादव्यात फुलेल तेव्हा पोरांना हाताला धरून तिथे न्या, चार हात लांब उभे करा आणि सांगा, "ही कळलावी. पाहायची, तोडायची नाही, तोंडात तर घालायचीच नाही." एवढे एक वाक्य घराघरांत गेले, तर माझ्या मते लावणी यशस्वी झाली.